ताबा आईकडे

रविवारी सकाळी मुलीचे केस विंचरायला घेतले की मयुराचे हात आपसूक हळू चालत. भूमिका तेव्हा आठ वर्षांची होती. घरात सगळे तिला भूमी म्हणत. रविवारी तिला दोन वेण्या लागत, त्याही कानांच्या वर बांधलेल्या, कारण बाबांना तशा आवडतात असं तिनं कधीतरी ठरवून टाकलं होतं.

"घट्ट बांध नं वं आई. बाबा येईपर्यंत सुटून जातीन."

मयुरा घट्ट बांधी. मग दोघी नागपुरातल्या नंदनवनातून स्कूटीवर निघत आणि अकराच्या आत महाराजबागेच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहत. कोर्टात तसं ठरलं होतं. मुलीचा ताबा आईकडे, दर रविवारी अकरा ते पाच मुलगी वडिलांकडे, आणि तिला सोपवायची जागा हे फाटक.

बाबा येत नसत. म्हणजे आधी येत होते. पहिलं वर्षभर सौरव रेवतकर काटोलहून न चुकता यायचा, पोरीला आत नेऊन वाघ दाखवायचा, संध्याकाळी धुळीनं माखलेली आणि हसरी अशी परत आणून द्यायचा. मग एक रविवार चुकला, मग दोन. फोन केला तर उचलायचा नाही. शेवटी शेवटी येणं हेच नवल झालं. तरीही मयुराला जावं लागे. तिची वकील करिष्मा हिनं तिला बजावून ठेवलं होतं, "तू जाणं बंद केलं नं, तर उद्या ते लोक कोर्टात म्हणतील, मुलगी दाखवतच नाही. बस, तू जायचं, थांबायचं अन् एक फोटो काढून ठेवायचा. बाकी टेन्शन नाही घ्यायचं."

मयुराच्या मोबाईलमध्ये असे फोटो साठत गेले. तेच फाटक, तीच पोरगी, फक्त फ्रॉक वेगळा. पहिल्या काही फोटोंत भूमी हसते आहे. नंतरच्या फोटोंत ती मोबाईलकडे बघतच नाही, रस्त्याकडे बघते आहे.

तासभर झाला की मयुरा म्हणे, "चल." भूमी म्हणे, "थोडं थांब नं. गाडी उशिरा आली असंल." हे थोडं थांबणं कधी जेवणाच्या वेळेपर्यंत चाले. मयुराच्या मामेबहिणीचं लग्न वर्ध्याला रविवारी होतं, तेव्हाही त्या दोघी लग्नाचे कपडे घालून आधी या फाटकाशी थांबल्या, आणि वर्ध्याला पोहोचल्या तेव्हा मांडवात लोक खुर्च्या आवरत होते.

मयुरा मूळची नंदनवनातलीच. तिचे वडील नत्थूजी भोयर एसटीत ड्रायव्हर होते. आई लवकर गेली, म्हणून घर मयुरानं शाळेत असल्यापासून चालवलं. बी.कॉम. झाल्यावर काटोलच्या रेवतकरांकडून मागणी आली. संत्र्याचा व्यापार, मार्केटजवळ मोठं घर, मुलगा शांत. नत्थूजींना शांत मुलगा आवडला. मयुरालाही आवडला. तो खरोखरच शांत होता. लग्नानंतर मयुराला कळलं की त्या घरात बोलायचं काम फक्त थोरला भाऊ मार्तंडराव करतो, म्हणजे तिचे भासरे. कोणाची बाग फुलावर असतानाच विकत घ्यायची, माल दिल्लीला पाठवायचा की बंगालला, घरातली गाडी कोणी कुठे न्यायची, सुनांनी माहेरी कधी जायचं, सगळं मार्तंडराव ठरवत. सौरव त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा राही, आणि खोलीत आल्यावर मयुराशी मात्र चांगला वागे. मारहाण नाही, दारू नाही, वाईट शब्द नाही. म्हणूनच पुढं कोर्टात "घटस्फोट कशासाठी?" असं विचारलं की मयुराला पटकन सांगता येत नसे.

ज्या दिवसानं ते ठरवलं तो दिवस आंबिया बहाराच्या तोडीचा होता. अंगणात संत्र्यांच्या क्रेटांचे ढीग लागलेले. भूमी तीन वर्षांची. दुपारी तिला ताप चढला आणि बघता बघता डोळे फिरवून तिनं हातपाय ताठ केले. मयुरा तिला उचलून ओसरीवर धावत आली. मार्तंडराव दिल्लीच्या व्यापाऱ्याला बाग दाखवायला निघाले होते.

"गाडी पाह्यजे भाऊजी. नागपूरले न्या लागते हिले."

"तापच हाय नं? इथल्या डॉक्टरले दाखव. गाडी पार्टीसाठी लागते मले."

मयुरानं सौरवकडे पाहिलं. सौरवनं भावाकडे पाहिलं, मग क्रेटांकडे, मग हातातल्या मोबाईलकडे.

नागपूरच्या कळमना मार्केटला माल घेऊन निघालेली पिकअप फाटकाबाहेर उभी होती. मयुरा पोरीला मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. काटोल ते नागपूर तो पूर्ण रस्ता तिनं भूमीच्या तोंडाजवळ कान लावून श्वास ऐकत काढला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. दुसऱ्या दिवशी सौरव थर्मासमध्ये चहा घेऊन आला. पोरीजवळ बसला, तिचे पाय चेपले. मयुरानं विचारलं, "तुमी काल काहून नाही बोलले?"

"दादासमोर कसा बोलू मी?"

"मग मी आता काटोलले येत नाही."

तिला स्वतःलाही वाटलं होतं की हा राग आठवडाभराचा आहे. पण आठवडा गेला, महिना गेला आणि राग विरून गेला तरी ते वाक्य जागेवरच राहिलं. तिनं नागपूरजवळच्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या एका गोदामात नोकरी धरली. माल कोणता आधी चढवायचा, कोणता ट्रक आधी सोडायचा, कुठला ड्रायव्हर कुठं अडकला, हे सांभाळायचं काम. ते तिला आवडलं आणि जमलंही.

घटस्फोटाला रेवतकरांची हरकत नव्हती. हरकत पोरीवर होती. "बाई जाते तर जाऊ द्या," मार्तंडराव मध्यस्थांना म्हणाले, "पण पोट्टी रेवतकराची हाय." सौरवच्या नावानं अर्ज झाला. आई दिवसभर हमाल अन् ड्रायव्हर लोकांत काम करते, संध्याकाळी उशिरा येते, मुलगी म्हाताऱ्या आजोबाच्या भरवशावर राहते, असं त्यात होतं. मयुरानं ते वाचलं तेव्हा तिचे कान तापले. त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती.

कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक अरुंधतीताई तिच्या घरी येऊन गेल्या. पोरगी कुठं झोपते, पुस्तकं कुठं ठेवते, कोण भरवतं, सगळं त्यांनी पाहिलं. नत्थूजींना विचारलं, "दिवसभर तुम्ही एकटे सांभाळता? जमतं?"

नत्थूजी दुखावले. "बाई, घाटातून भरलेली एसटी काढली मी पूर्ण जन्मभर. मले एक लेकरू सांभाळता येणार नाही का?"

अरुंधतीताई हसल्या. जाताना दारात त्यांनी मयुराला समजावलं, "हे बघा, आई चांगली की वडील चांगले, हे कोर्ट ठरवत नसतं. मुलगी कुणाच्या हाताला सरावली आहे, आजारी पडली की कुणाला हाक मारते, तिची शाळा, तिची झोप, हे बघतं. मुलीचं हित. तुमच्या दोघांचे हक्क त्याच्यानंतर."

तारखांवर तारखा पडल्या. शेवटी संत्र्याचा एक मोठा हंगाम कोर्टाच्या फेऱ्यांत गेला, मार्तंडराव कंटाळले, आणि दोन्हीकडच्या वकिलांनी बसून समझोता केला. परस्पर संमतीनं घटस्फोट. ताबा आईकडे. रविवार वडिलांकडे. आणि खाली आणखी एक अट होती: न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईनं मुलीला नागपूर जिल्ह्याबाहेर राहायला न्यायचं नाही. न्यायाधीशांनी एकेक अट वाचून दाखवली आणि विचारलं, "समजलं ना? कबूल आहे?" मयुरा म्हणाली, "हो." पहिल्या अटीनंतरचं तिनं काहीच ऐकलं नव्हतं. ताबा आईकडे, एवढंच तिच्या डोक्यात वाजत राहिलं. आणि नागपूर सोडून जायचं कुठं होतं तिला?

पुढं गोदामाचा व्याप वाढला आणि मयुराचाही. एक दिवस साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. कंपनी पुण्याजवळ चाकणला मोठं गोदाम उघडत होती आणि तिथं त्यांना तीच हवी होती, प्रमुख म्हणून. राहायची सोय कंपनीची, जवळ चांगली शाळा. "इथे तुम्ही जे करता ना, तेच. फक्त दहापट," साहेब म्हणाले. त्या दिवशी वाडीहून नंदनवनापर्यंतचा सगळा ट्रॅफिक मयुराला जणू लागलाच नाही. घरी येऊन तिनं नत्थूजींना सांगितलं.

"जाय," नत्थूजी लगेच म्हणाले. "मी बी येतो. माझं इथी कोण राहिलं?"

"अन् रविवार?"

"कोणता रविवार? तो येते कुठी?"

मयुरालाही तसंच वाटलं. करिष्मा म्हणाली, "अर्ज टाकावा लागेल, पण ये तो फॉर्मॅलिटी है. तुझ्याकडे एवढे फोटो आहेत. पावसाळ्यापासून माणूस आला नाही. तो काय तोंड घेऊन विरोध करणार?"

त्यानं विरोध केला. मुलगी पुण्याला गेली तर तिचं वडिलांशी असलेलं नातं तुटेल, असं त्याच्या उत्तरात होतं. करिष्मानं ते वाचून दाखवलं, तेव्हा मयुराला हसू आलं आणि मग त्या हसण्याचंच रडू झालं. ज्या माणसाला रविवारी फाटकापर्यंत येता येत नव्हतं, त्याच्या न येण्याला ती बांधलेली होती. तो आला असता तर बरं, अजिबात दिसेनासा झाला असता तरी बरं. पण तो ना येत होता, ना सोडत होता.

तारखेच्या दिवशी सौरव कोर्टाच्या व्हरांड्यात उभा दिसला. केस पातळ झालेले, शर्ट इस्त्रीचा. मार्तंडराव वकिलाशी बोलत लांब उभे होते. मयुरा सरळ त्याच्यासमोर गेली. लग्नापासून ती त्याला 'तुमी' म्हणत आली होती. त्या दिवशी तिच्या तोंडून पहिल्यांदा 'तू' निघालं.

"तू येत नाही, फोन उचलत नाही. मग आमाले जाऊ काहून देत नाही?"

सौरवनं इकडंतिकडं पाहिलं. "येतो मी," तो हळूच म्हणाला.

"कुठी येतोस?"

"मोरभवनच्या बस स्टँडले उतरतो. तिथून चालत निघतो. अन् मग वाटते, मागच्या खेपेले काहून नाही आले असं तिनं विचारलं तर काय सांगू? तिथूनच परत फिरतो. जितके जास्त दिवस जात नाही, तितकं जास्त जाणं होत नाही."

म्हणजे मयुरा आणि पोरगी उन्हात उभ्या असताना हा माणूस पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर काटोलच्या बसची वाट बघत उभा होता.

"पोरगी रस्त्याकडे पाहून पाहून थकते. तुले माहीत हाय हे?"

"माहीत हाय."

"मग सोड नं आमाले."

सौरव भिंतीकडे बघत म्हणाला, "तू गेली तर मी काटोलातून निघायचं कशासाठी? दुकान ते घर, घर ते दुकान. दादा म्हणते तसं. रविवारी निदान बस पकडतो. कोणी विचारत नाही कुठी चालला म्हणून. कोर्टाचा दिवस हाय म्हणून सोडतेत मले."

मयुराला त्याचा संताप आला, आणि त्याच वेळी कीवही आली. कीव आली याचा तिला आणखी संताप आला. त्या घरातून बाहेर पडायला त्याला एकच दार होतं, आणि ते उघडं राहावं म्हणून तिचं बंद ठेवणं भाग होतं.

न्यायाधीश आता नव्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या. आधी मुलीशी एकटीशी बोलते म्हणाल्या. भूमी अरुंधतीताईंचं बोट धरून त्यांच्या चेंबरमध्ये गेली. दार लागलं. मयुरा बाकावर बसून राहिली. गोदामात एकाच वेळी चार ट्रकांचं भान ठेवणाऱ्या या बाईला त्या बंद दाराकडे बघताना आपल्या हातांचं काय करावं ते सुचेना. आत काय बोलायचं हे तिनं भूमीला शिकवलं नव्हतं. करिष्मानं सुचवलं होतं, तरी शिकवलं नव्हतं. आता वाटत होतं, शिकवायला हवं होतं की काय.

भूमी बाहेर आली, हातात चॉकलेट. मग दोघा आईबापांना आत बोलावलं.

"मुलगी समजूतदार आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तिच्या वयाच्या मानानं जरा जास्तच. आईसोबत पुण्याला जायला तयार आहे. फक्त तिनं मला एक विचारलं. आम्ही गेल्यावर एखाद्या रविवारी बाबा फाटकाशी आले, तर मी तिथं नाही हे त्यांना कोण सांगेल?"

सौरवनं मान इतकी खाली घातली की त्याचा चेहरा दिसेना.

परवानगी देण्याजोगी दिसते, असं बाईंचं मत होतं. पण मुलीला महिन्यातून एकदा इथं आणावं लागेल, आणि उन्हाळ्याची निम्मी सुट्टी ती वडिलांच्या घरी काढेल. समुपदेशकांचा अहवाल येऊ दे, मग आदेश करू. पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली.

बाहेर येताच करिष्मानं तिच्या पाठीवर थाप मारली. "समज झालंच काम!" मयुराला मात्र ती ओसरी दिसत होती, क्रेटांचे ढीग दिसत होते, आणि अर्धा उन्हाळा तिथं असलेली भूमी. ताप काही तारीख बघून येत नाही.

संध्याकाळी नत्थूजी भाजी आणायला गेले होते. भूमी ओट्याजवळ येऊन उभी राहिली.

"आई, जजबाईनं विचारलं, तुले कोण जास्त आवडते. मी म्हटलं, असं नसते विचारत."

मयुराला हसू फुटलं. "मग?"

"मग त्या बी हसल्या." भूमीनं परातीतल्या पिठात बोट फिरवलं. "आई, मी बाबाचं बोलली ते चूक झालं का वं? त्याच्यानं आपलं पुण्याचं कटलं का?"

"नाही वं बाई. काही चूक नाही झालं."

"मले पुण्याले याचंच हाय. पण बाबा आले तर?"

आठ वर्षांची पोरगी पीठ मळणाऱ्या आईकडे बघत उभी होती आणि उत्तर मागत होती. पुण्याला नेलं तर ही तिथल्या खिडकीतून रस्ता बघत बसेल, हे मयुराला स्पष्ट दिसलं. इथं निदान रस्ता तरी खरा होता.

दोनच दिवसांनी साहेबांना उत्तर द्यायचं होतं. चाकणचं गोदाम दिवाळीपर्यंत थांबणार नव्हतं. ट्रक मागं घ्यायला लावणाऱ्या क्लीनरच्या शिट्ट्यांत मयुरा केबिनच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "सर, मले नाही जमत."

"कोर्टानं नाही म्हटलं?"

"नाही सर. कोर्टानं नाही नाही म्हटलं."

साहेबांना ते कळलं नाही, आणि तिला समजावता आलं नाही. जागा अर्णवला मिळाली, तिच्याच हाताखाली काम शिकलेल्या पोराला. त्यानं पेढे आणले. मयुरानं एक खाल्ला. कोर्टानं परवानगी नाकारली असती तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात कित्येकदा आलं. मग न्यायाधीशांना, करिष्माला, रेवतकरांना, कुणालातरी बोल लावता आला असता. हे तिनं स्वतः केलं होतं, आणि स्वतः केलेल्या गोष्टीशी भांडायला कोर्ट नसतं.

पण ती नुसती गप्प बसली नाही. दिवाळीनंतरच्या तारखेच्या आधी ती करिष्माकडे गेली. "पुण्याचा अर्ज मागं घ्या. दुसरं मागायचं हाय."

करिष्मा वैतागली. "पागल झाली का? जिंकत आलो होतो आपण!"

"असं जिंकून काय करू? मले एक अट बदलून पाह्यजे फक्त."

न्यायाधीशबाईंनीही विचारलं, नेमकं काय हवं आहे? मयुरा उभी राहिली. वकिलाकडे न बघता बोलली. घाईत तिची घरची बोलीच बाहेर आली.

"मॅडम, मी फाटकाशी उभी राहणार नाही. त्याईले पोरगी न्यायची असंल तर त्याईनं घरी यावं, माझ्या बाबाच्या हातून न्यावं अन् घरीच आणून द्यावं. बारापर्यंत नाही आले, तर तो रविवार आमचा. मग आमी कुठी बी जाऊ. माझं पोरगं रस्त्यावर उभं राहून बापाची वाट पाहणार नाही आता."

बाईंनी सौरवकडे पाहिलं. मार्तंडराव मागून पुढं वाकून त्याच्या कानाशी काही पुटपुटले. भोयरांच्या दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे काय, असंच काही असणार. सौरवनं त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही.

"कबूल हाय," तो म्हणाला.

आदेश झाला. जिल्ह्याबाहेर न जाण्याची अट तशीच राहिली.

पहिल्या रविवारी बारा वाजले तरी कोणी आलं नाही. मयुरानं पोरीला घेऊन तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस गाठला. दुसऱ्या रविवारी साडेअकराला घराच्या फाटकाची कडी वाजली. नत्थूजी पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, उठले आणि एक खुर्ची अंगणात आणून ठेवली. सौरव बसला नाही. भूमी दारात आली. धावत नाही गेली. पायरीवरच थांबली, आणि ज्या प्रश्नाला भिऊन तो माणूस मोरभवनवरून परत फिरत होता, तोच तिनं विचारला.

"इतक्या दिवसपासून काहून नाही आले?"

सौरव म्हणाला, "लाज वाटली."

भूमीनं विचार केला. "आज नाही वाटली?"

"आज बी वाटून राहिली."

"बरं," भूमी म्हणाली. "चला मग." आणि चपला शोधायला लागली.

मयुरा आतल्या खोलीच्या दाराआड उभी होती. पोरीच्या पाठीमागं फाटक लागल्यावर ती तिथंच जमिनीवर बसली. नत्थूजींनी तिला पाणी आणून दिलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. सौरव दर रविवारी येत नाही, पण पुष्कळदा येतो. येणार नसला तर आदल्या दिवशी फोन करतो, आणि तो फोन मयुराला नाही, भूमीला असतो. भूमी आता दोन वेण्या घालत नाही. केस कापून घेतले. काटोलच्या घरी ती अजून मुक्कामाला गेलेली नाही. सौरवनं मागितलं नाही, मयुरानं सुचवलं नाही. पण ते कधीतरी येणार आहे, हे दोघांनाही माहीत आहे.

रविवारची दुपार मयुराला मोकळी मिळते. सुरुवातीला तिनं पुष्कळ ठरवलं होतं, मैत्रिणींकडे जाईन, सिनेमा पाहीन. प्रत्यक्षात ती शाळेचा गणवेश धुते, आठवड्याची भाजी निवडते, आणि चार वाजल्यापासून फाटकाच्या कडीकडे कान लावून बसते. पूर्वी ती रस्त्यावर थांबायची, आता घरात थांबते. भूमी अठरा वर्षांची होईपर्यंत हे असंच राहणार. घरी पाहुणे आले की म्हणतात, नशीब तुझं, पोरगी तुले मिळाली. ती हो म्हणते. खरंच आहे ते. रोज सकाळी पोरगी तिच्या कुशीतून उठते, याच्यापुढं चाकण काय आणि पुणं काय, असं ती स्वतःला सांगते. काही दिवस ते पटतं, काही दिवस पटत नाही. ज्या दिवशी पटत नाही त्या दिवशी ती गोदामातल्या माणसांवर विनाकारण ओरडते आणि मग सगळ्यांना चहा सांगते.

गेल्या महिन्यात हैदराबादजवळच्या नव्या गोदामासाठी प्रमुखाची जागा निघाली. मयुराला ते एका ड्रायव्हरकडून कळलं. साहेबांनी तिला विचारलंच नाही. चांगुलपणानंच विचारलं नसेल, नाही म्हणायची पाळी तिच्यावर पुन्हा कशाला आणायची म्हणून. दिवसभर ती त्यांच्या केबिनसमोरून जाता-येता थबकली, आणि पुढं गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं नत्थूजींना यातलं काही सांगितलं नाही. हातपाय धुतले, कुकर लावला आणि भूमीला अभ्यासाला घेऊन बसली. भूमी दुसऱ्या दिवशीच्या भाषणाचं पाठांतर म्हणून दाखवत होती. मधेच ती थांबली.

"आई, तू ऐकून नाही राहिली."

"ऐकून राहिली वं," मयुरा म्हणाली. "पहिल्यापासून म्हण."